पापड लाटताना ऐकलेले सिनेमे

१९ एप्रिल, रविवार. नणंदेचे उडदाचे पापड. पीठ पहाटेच घट्ट भिजवून ठेवलं होतं, ते तेलाचा हात लावत कुटायचं काम सकाळी माझ्या वाट्याला आलं. दर वर्षी येतं, कारण कुटायला जोर लागतो आणि बाकीच्या तिघींना त्याच वेळी नेमकं काही तरी दुखतं.

नणंद करडीला राहते. तिच्या घरी म्हैस आहे, धानाची बांधी म्हणजे भाताचं शेत आहे, रोजचे पाहुणे आहेत, पण चार बाया पाय पसरून बसतील अशी मोकळी जागा नाही. म्हणून ती उडीद दळून घेऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला माझ्याकडे येते. माझी बैठकीची खोली मोठी आहे, कूलर आहे, आणि भिंतीवर मोठा टीव्ही आहे. मी एका दवाखान्यात नर्स आहे. पापडांसाठी सुट्टी घेते आणि दवाखान्यात कारण लग्नाचं सांगते.

लाटायला आम्ही चौघी: मी, नणंद, तिची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि समोरच्या घरची काकू. काकूला ऐकायला कमी येतं आणि बोलायला जास्त येतं.

पापड लाटणारीला सिनेमा बघता येत नाही, हे ज्यांनी कधी पापड लाटला नाही त्यांना सांगावं लागेल. नजर पोळपाटावर ठेवावी लागते. उडदाचं पीठ थांबत नाही. हात थांबला की लाटीची कड सुकते, आणि पुन्हा लाटणं फिरवलं की पापड कडेने चिरतो. म्हणून आम्ही सिनेमा ऐकतो. मध्येच मान वर करून एक नजर टाकतो, की परत खाली. यातून आमच्या घरात सिनेमाची एक परीक्षा आपोआप ठरली आहे. हात थांबला तर सिनेमा चांगला. नाही थांबला तर तो किती का कमावेना. चिरलेला पापड वेगळ्या सुपात टाकायचा, म्हणजे खोटं बोलायला जागा राहत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एकदा चौघींचे हात एकदम थांबले होते. एका सिनेमात एक म्हातारा स्वयंपाकघरात एकेक डबा उघडून बघत होता. बायको वारली होती आणि साखर कशात ठेवतात ते त्याला माहीत नव्हतं. बस, एवढंच. सुपात चार पापड पडले.

या वर्षीचं सूप रिकामंच होतं. आठवडाभरात आधी काकूचे, मग माझे पापड झाले, आणि प्रत्येक दिवशी दोन दोन सिनेमे ऐकले. ज्यांनी ते बनवले त्यांनी आयुष्यात एकदा तरी उडदाचं पीठ कुटावं, निदान कशाला तरी जोर लावल्याचं समाधान मिळेल.

पहिला भुताचा. बंगल्यात माणसं दोन आणि खोल्या वीस. झाडू कोण मारतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. भूत बाईचं, साडी पांढरी, आणि विहिरीतून वर आली तरी साडीला डाग नाही. ती रोज रात्री दार वाजवायची आणि घरातली सून रोज रात्री एकटीच मेणबत्ती घेऊन दार उघडायला जायची. नवऱ्याला उठवत नव्हती. अशा सुनेला भुताने धरलं तर मी भुताला दोष देणार नाही.

"भूत काय म्हणून रायलं, सिस्टरबाई?" काकूने विचारलं. ती मला वहिनी, ताई काही म्हणत नाही, सिस्टरबाई म्हणते.

"न्याय मागून राहिलं."

"मंग रात्रीच काऊन येते? दिवसा ये म्हना, हापिसं उघडे असतेत."

दुसरा खुनाचा. एका श्रीमंत घरात म्हातारा मरतो आणि सात नातेवाइकांपैकी कोणी मारलं ते शोधायचं. मी पहिल्याच चहाच्या प्रसंगात सांगितलं. सातांमधल्या सहा जणांना कोणी ओळखत नव्हतं आणि सातवा मोठा नट होता, त्याला काही कामच नव्हतं, नुसता कोपऱ्यात बसून चहा पीत होता. एवढ्या महागाच्या माणसाला नुसता चहा प्यायला कोण बोलावतं? शेवटी तोच निघाला. भाची म्हणाली, मामी, तू मजा घालवते. मी म्हटलं, मजा त्यांनी घालवली, मी फक्त वेळ वाचवला.

प्रेमाचाही एक झाला. मुलगा मुलीच्या मागे कॉलेजपर्यंत जातो, घरापर्यंत जातो, तिच्या बापाच्या दुकानात नोकरी धरतो. हे सगळं गाण्यांसकट दीड तास. आमच्या बसस्टँडवर त्याला पहिल्याच दिवशी धुतला असता आणि सिनेमा दहा मिनिटांत आटोपला असता.

"पण मामी, तो तिच्यासाठी मरायले तयार आहे ना," भाची म्हणाली.

"मग मरू दे की. तेवढीच आपली दोन गाणी वाचतील."

लढाईच्या सिनेमाबद्दल मला जास्त राग आहे, कारण त्यात सगळे रडतात आणि कोणाला काही दुखत नाही. जवानाच्या छातीत गोळी लागली. त्यानंतर तो आईबद्दल बोलला, मातीबद्दल बोलला, होणाऱ्या लेकराचं नाव काय ठेवायचं ते बोलला, आणि मित्राला त्याच्या एका चुकीबद्दल माफ केलं. छातीला मार लागलेला माणूस मी पाहिला आहे. तो काही बोलत नाही. तो श्वास शोधतो, आणि जो जवळ असेल त्याचा हात असा धरतो की नंतर दोन दिवस बोटं दुखतात. हे दाखवायला पैसे लागत नाहीत. पण मग टाळ्या पडत नाहीत.

त्याच पठडीतला दवाखान्याचा सिनेमा. आई मरणाला टेकलेली, मुलगा परदेशातून निघालेला. आईच्या नाकात नळी, आणि ओठांना लाली. नर्स तीन, आणि तिघींचं काम दाराशी उभं राहून डोळे पुसणं. मुलगा आला, आईने डोळे उघडले, "जेवलास का?" म्हणाली आणि गेली. नणंद हुंदके देऊन रडली.

"पिठात पाणी नको पाडू," मी म्हटलं. "पापड मऊ पडतील."

"वयनी, तुमाले काळीज हाये का नाई?"

"आहे. ड्युटीवर ठेवून येते."

पण नणंदेचं एक आहे. ती रडते आणि तिचा हात चालू असतो. आसवं गालावर, पापड गोल. रडणं वेगळं आणि हात थांबणं वेगळं, हे तिच्याकडे बघून मी शिकले.

एक विनोदी सिनेमा मीच बंद केला. त्यात एका जाड बाईला खुर्चीवर बसवायचे आणि खुर्ची मोडायची, मग खाट मोडायची, मग रिक्षाचं चाक बसायचं. काकू अंगाने चांगली भारी आहे. ती हसली नाही, काही बोलली नाही, पापडही तिचा मोडला नाही. मी उठले आणि म्हटलं, नेट गेलं वाटतं.

हे सगळं झालं आणि रविवार आला. रविवारी कोणता सिनेमा लागणार ते सगळ्यांना माहीत होतं. ज्याचे पापड त्याचा सिनेमा, असा नियम आहे, आणि पापड नणंदेचे होते. तिच्या लेकीने ज्यात काम केलं तो सिनेमा.

आता भाचीबद्दल सांगते. ती नर्सिंगची तीन वर्षं माझ्याकडे राहून शिकली. तिला नर्सिंगला मीच घातलं. सुरुवातीला रक्त बघून तिला चक्कर यायची, मी तिला दवाखान्यात नेऊन सलग आठवडाभर ड्रेसिंग करायला लावलं, मग चक्कर यायची बंद झाली. मागच्या पावसाळ्यात परीक्षा संपवून ती करडीला बसली होती, तेव्हा पुण्याचे काही लोक तिकडे सिनेमा करायला आले. धान रोवणाऱ्या बाईवर. गावातलीच मुलगी हवी म्हणाले आणि हिला घेतलं. दिग्दर्शक दाढीवाला, पायात रबरी बूट, आणि बांधीत उतरताना दोन माणसांनी धरावं लागायचं. हे मला नणंदेनेच सांगितलं, कौतुकाने.

तो सिनेमा म्हणे बाहेरच्या कुठल्या तरी महोत्सवात दाखवला. आणि आता त्याच माणसाचा दुसरा सिनेमा पुण्यात सुरू होत होता. भाचीला बोलावलं होतं. सोमवारी दुपारची गाडी नागपूरहून.

त्याच सोमवारी तिला कोंढ्याजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात रुजू व्हायचं होतं. नोकरी कंत्राटी, पण नोकरी. आदेश हातात होता. रुजू झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

एक सोमवार, एक मुलगी. नणंदेला वाटत होतं पुणे. मला वाटत होतं कोंढा. भाचीला काय वाटत होतं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आठवडाभर ती मुकाट्याने लाटत होती आणि मी एकेका सिनेमाची कशी साल काढते ते ऐकत होती. मी आठवडाभर जरा जास्तच काढत होते, हे मलाही कळत होतं. ती ऐकते आहे म्हणूनच काढत होते.

दुपारी जेवणं झाली. काकूने लाट्या तेलात बुडवून दोन खाल्ल्या, त्या पापडांत धरत नाहीत. नणंदेने मोबाइल टीव्हीला जोडला, पदराने पडदा पुसला आणि म्हणाली, "आता कोनी बोलू नका."

पहिली काही मिनिटं एक बैल उभा होता. मी चार पापड लाटले, बैल उभाच.

"नेट गेलं का?" काकू.

"नाई गेलं. तसाच हाये तो," नणंद म्हणाली.

मग धुकं. मग एक म्हातारा, तो खोकला. मग परत बैल. कोणी बोलत नव्हतं. गरीब लोक बोलत नाहीत, असा या सिनेमावाल्यांचा समज आहे. रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, वीस बाया बांधीत उतरल्या की तोंडं एक क्षण बंद नसतात. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचा नवरा कुठे पडला होता, जावयाने काय मागितलं, हे सगळं वाकून, कमरेचा काटा मोडत, पावसात भिजत, मोठमोठ्याने. गप्प रोवणा मी आयुष्यात पाहिला नाही. या सिनेमात बायांना काही सांगायचंच नव्हतं. त्यांनी फक्त दुःखी दिसायचं होतं, आणि दिग्दर्शकाला ते पुरेसं होतं.

मग भाची आली. चेहरा मोठा, पूर्ण पडदाभर. नणंदेने तोंडावर हात ठेवला, पिठाचा. चेहऱ्यावर पावसाचं पाणी, डोळे लांब कुठे तरी. बांधीत ती वाकली, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक जुडी सोडली आणि लावायला लागली. लावत लावत कॅमेऱ्याकडे यायला लागली.

पुढे. पुढे पुढे.

काकूला ऐकू कमी येतं पण दिसतं. "अवो माय!" ती ओरडली. "हे पोरगी समोर चालून रायली! सोताच्याच पऱ्ह्यांवर पाय देऊन रायली!"

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. रोवणा मागे सरकत करतात. रोप समोर लावायचं आणि एक पाऊल मागे. लावलेलं डोळ्यांसमोर राहतं, पाय रिकाम्या चिखलात. आमच्या भागात चालायला लागलेल्या पोरीलाही हे माहीत असतं. आणि ही करडीची, धानात वाढलेली, पडद्यावर रोप लावत होती आणि दुसऱ्या पावलाला तेच रोप चिखलात दाबत होती. चेहरा मात्र सुंदर दुःखी.

काकू इतकी हसली की तिच्या पोळपाटाला धक्का बसला. मी हसले नाही. माझा हात चालू होता.

"काय झालं हे?" मी भाचीला विचारलं.

ती खाली बघून लाटत होती. "मीनं सांगतलं होतं त्याइले. मागं मागं जाते म्हणून."

"मग?"

"ते म्हणे, मागं गेली तर चेहरा दिसत नाई. पाठ दिसते, डोक्यावरचा पदर दिसते. सिनेमा चेहऱ्याचा आहे म्हणे."

"आणि तू पुढे चालली."

"हाव."

"म्हणजे उद्या तो म्हणाला, पोळी लाटण्याने नाही, पायाने लाट, चेहरा चांगला दिसतो, तर तेही करशील."

"मामी..."

"मी सिनेमाबद्दल बोलून राहिली. आठवडाभर दुसऱ्यांच्याबद्दल बोलली, आता तुझ्याबद्दल बोलते, एवढाच फरक. तुला रडता येत नाही. तू रडायचं असलं की भुवया वर करते, परीक्षेत प्रश्न आला नाही की करायची तशी. चालताना हात कुठे ठेवावे ते तुला कळत नाही. आणि तुला जे काम येतं, जे तुझ्या आईने तुला शिकवलं, ते तू एका बूटवाल्याच्या सांगण्यावरून चुकीचं केलं आणि ते साऱ्या जगाला दाखवलं. उपकेंद्रात तू असं करशील तर बाळंतीण मरेल. इथे फक्त रोपं मेली."

 काकूलाही ऐकू आलं असावं, कारण ती हसायची थांबली.

नणंद सहसा मला उलटून बोलत नाही. तिच्या मोठ्या भावाची बायको आहे मी. पण तिने लाटणं खाली ठेवलं.

"वयनी, किती वर्सं रोवना करून रायली मी. लगन व्हायच्या आधीपासून. लोकाइच्या बांधीत, सोताच्या बांधीत. रोडनं मोटारी जाते, त्याच्यातले लोकं खिडकीतून पायते. काय पायते? पाठी. वाकलेल्या पाठी. कोनी माहं तोंड पायलं का कधी? तुमी तरी पायलं का?"

मी लाटणं फिरवत राहिले.

"माह्या पोरीचं तोंड पायलं लोकाइनं. पऱ्हे तुडवले तं तुडवले. माह्या वाटनीचे तुडवले, तुमच्या नाई."

"तोंड दाखवायला रोपं तुडवावी लागतात, तर तो धंदा तुझ्या पोरीसाठी नाही," मी म्हटलं. "एवढंच म्हणते मी."

"तुमाले कोंढ्यालेच पाठवाचं हाये तिले. सिनेमा कसाही असता तं तुमी हेच म्हनलं असतं."

हे खरं होतं. मी पुढची लाटी घेतली.

सिनेमा चालूच होता. कोणाचंच लक्ष नव्हतं त्याच्याकडे, एक माझं अर्धं होतं, कारण मला आणखी चुका हव्या होत्या. म्हातारा मेला. गर्दी जमली. भाची त्या गर्दीत भुवया वर करून उभी होती. मी मनात मोजत होते, पुढे काय काय बोलायचं ते.

मग एक दृश्य आलं. पाऊस थांबलेला. बांधावर भाची बसलेली, पाय चिखलात, मांडीवर स्टीलचा डबा. ती डबा उघडते. आत मुंग्या. ती थोडा वेळ मुंग्यांकडे बघते. रागाने नाही, दुःखानेही नाही, जसं आपण घड्याळाकडे बघतो तसं. मग फुंकर मारते. काही उडतात, काही राहतात. बोटाने दोन बाजूला करते. एक मुंगी परत चढते, ही तिच्याकडे बघते, आणि मग पोळीचा तुकडा मोडून भाजीला लावून खाते, उरलेल्या मुंग्यांसकट. चावते. गिळते. पुढचा तुकडा. हात पोटरीला पुसते. भूक लागलेल्या माणसाचं जेवण. कोणाला दाखवायला नाही, कोणाला दुःख सांगायला नाही. ती बाई कोणाची कोण, तिच्या घरी काय, तिचा दिवस किती मोठा, सगळं त्या डब्यात होतं.

आणि मग परत बैल आला.

मी खाली पाहिलं. माझ्या पोळपाटावर अर्धा लाटलेला पापड होता. लाटणं त्याच्यावर तिरकं पडलेलं. कड पांढरी पडून चिरली होती, तीन ठिकाणी.

मी तो पटकन गोळा करायला गेले, पण भाचीने आधीच पाहिला होता. आठवडाभर मान वर न करणारी पोरगी माझ्या पोळपाटाकडे बघत होती.

"मामी, तुहा हात थांबला."

"पीठ सुकलं आहे. कूलर इकडे आहे."

"कूलर सकाळपासून तिकडेच हाये, सिस्टरबाई," काकू म्हणाली. नेमकं अशाच वेळी तिला ऐकू येतं.

मला लपवायची सवय नाही. मी म्हटलं, "हो, थांबला. ते जेवण चांगलं होतं. कोणी शिकवलं तुला तेवढं? त्या बूटवाल्याने?"

भाचीने हातातला पापड बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ते कामच नव्हतं, मामी. जेवायची सुट्टी झाली होती. मले भूक लागली होती. त्याइनं कॅमेरा बंद नाई केला हे मले माहीतच नव्हतं. मंग म्हणे, हे ठेवू."

अशी संधी मी सोडत नाही. "बघ," मी म्हटलं. "म्हणजे जे तुला करायला सांगितलं ते तुला जमलं नाही, आणि जे जमलं ते तू केलंच नाही. तुला काम येत नाही. तुला भूक लागते, एवढंच. भूक कोंढ्यालाही लागेल."

यापेक्षा वाईट मी तिला काही म्हणू शकले नसते. दवाखान्यात एखाद्या शिकाऊ मुलीला असं म्हटलं तर ती बाथरूममध्ये जाऊन रडते. नणंदेचे डोळे भरलेच. भाचीचे नाही. ती उठली, माझ्या पोळपाटावरचा तो चिरका पापड तिने दोन्ही हातांनी अलगद उचलला, आणि आठवडाभर रिकाम्या असलेल्या सुपात नेऊन ठेवला. मधोमध.

परत येऊन बसली आणि लाटायला लागली. चेहऱ्यावर काही नव्हतं. भुवया जागच्या जागी.

तेव्हाच मला कळलं की माझं काम बिघडलं. तिची आई तिला आठवडाभर सांगत होती की तू छान, तू मोठी होशील. शेजारपाजारच्या बाया सांगत होत्या. तो दाढीवाला फोनवर सांगत होता. तिने कोणावर विश्वास ठेवला नव्हता, म्हणून आदेश घडी करून पर्समध्ये तसाच होता. ती ज्या एका माणसाची वाट बघत होती तो माणूस कधी कोणाची स्तुती करत नाही. मी मन लावून तिचा सगळा सिनेमा सोलून काढला, आणि एक पापड चिरू दिला. तिने पापड घेतला, साल तिथेच टाकली.

संध्याकाळी पापड जुन्या साडीवर पसरले. नणंद माझ्याशी बोलत नव्हती, पण पापड मोजताना माझ्या वाट्याचे दोन जास्त धरले, ते तिच्यात राग गेल्याचं लक्षण असतं. रात्री भाचीने बॅग भरली. मी विचारलं नाही कुठे जायला. मी सकाळच्या डब्यासाठी लाखोळीची डाळ भिजत घातली आणि झोपले.

सोमवारी सकाळी मी तिला स्कूटीवर घेऊन हायवेला गेले. आमच्या गावात हायवे ओलांडला की भंडाऱ्याच्या गाड्या, तिथून पुढे कोंढा. ओलांडला नाही की नागपूर. मी ओलांडायला दोन्ही बाजू बघून ब्रेक सोडत होते, तेवढ्यात ती मागून म्हणाली, "इकडेच थांबव, मामी."

मी थांबवली.

"आधी फोन कर," मी म्हटलं. "कोंढ्याच्या डॉक्टरांना. येत नाही म्हणून सांग. यादीतली पुढची मुलगी कुठे तरी बॅग भरून बसली असेल, तिचा दिवस खाऊ नको."

तिने तिथेच उभं राहून फोन केला. आवाज स्पष्ट होता, कारणं दिली नाहीत. मी शिकवलेलं एवढं तरी उपयोगी पडलं.

"डब्यात काय हाये?" फोन ठेवून तिने विचारलं.

"पोळी आणि लाखोळीची डाळ."

"मुंग्या?"

"त्या पुण्यातल्याच पकड," मी म्हटलं. "आणि परत कोणी पुढे चाल म्हटलं तर त्याला आधी बांधीत उतरव. बूट काढून."

बस आली. ती चढली. खिडकीत बसून हात वगैरे हलवला नाही, डबा मांडीवर सरळ धरून ठेवला होता, डाळ सांडू नये म्हणून. ते मला बरं वाटलं.

घरी आले. नणंद गच्चीवर पापड उन्हाला घालत होती. मी सूप घेतलं, तो चिरका पापड काढला आणि गॅसवर भाजला. नणंद जिना उतरून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. माझ्याकडे, मग चिमट्यातल्या पापडाकडे बघितलं. कुठली गाडी पकडली, ते तिने विचारलं नाही. तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

मी अर्धा पापड तिला दिला, अर्धा खाल्ला.

"कसा झाला?" तिने विचारलं.

"खार जास्त झाला," मी म्हटलं, आणि ड्युटीवर जायला साडी बदलायला गेले.